वरुणच्या पत्रांचा बंदोबस्त

११ फेब्रुवारी २००१

गेली! वरुणची सगळी पत्रं गेली. अमेरिकेहून त्यानं पाठवलेली एकूण एक ई-मेल कॉम्प्युटरवर जपून ठेवली होती. काल इंदूचे भाऊ नामदेवराव कुकटपल्लीहून आले, पत्रिका काढायची फ्लॉपी घेऊन. "दाजी, दोन मिनिटं बसतो." त्या फ्लॉपीत व्हायरस! आज दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "सब उड गया साब, अब कुछ नै हो सकता." मेहुण्यांना जगाचं भविष्य दिसतं, स्वतःच्या फ्लॉपीत काय आहे ते दिसत नाही!

इंदू रडली. दुपारी मी अफझलगंजच्या लायब्ररीत गेलो की ती लेकाची तीच पत्रं पुन्हा पुन्हा वाचत बसायची. मलाही कसंसंच झालं.

जन्मभर वकिली केली आहे. आता या यंत्राचा पक्का बंदोबस्त करतोच.

१३ फेब्रुवारी

अँटीव्हायरस घालून घेतला. दर रविवारी नव्या पत्रांची नक्कल वेगळ्या फ्लॉपीवर. बाहेरच्या फ्लॉपीला घरात बंदी! इंदूला समजावायला बसलो तर म्हणते, "कळलं. आपल्या सोवळ्यातल्या, बाहेरच्या ओवळ्या." पंधरा मिनिटांचं भाषण वाया! आता ती माझ्याहून कडक. शेजारची राणी फ्लॉपी घेऊन आली, तिला दारातूनच परत धाडलं.

१८ फेब्रुवारी

पासवर्ड बसवला. आता या म्हणावं!

४ मार्च

आले! मी आंघोळीला गेलो तेवढ्यात नामदेवराव कॉम्प्युटर उघडून पत्ते खेळत बसलेले. पासवर्ड कसा कळला विचारलं. "दाजी, कुलस्वामिनी सोडून तुम्ही दुसरं काय ठेवणार?" तुळजाभवानीच ठेवलं होतं — आणि ती तर अख्ख्या गोतावळ्याला पाठ! असा मी शहाणा.

लगेच बदलला. एका जुन्या खटल्याचा क्रमांक, तोही उलटा. कुणालाच सांगितला नाही.

"अहो, मला पण नाही?"

"तुझा भाऊ विचारील आणि तू सांगशील."

ती आत निघून गेली. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

१५ मार्च

वरुणची पत्रं आता मीच इंदूला वाचून दाखवतो. "काम जोरात आहे, काळजी करू नका." ती धड ऐकत नाही, मधेच उठून जाते. दुपारची देवळात जायला लागली आहे. रुसवा असणार. जाईल.

२५ मार्च

नक्कल झाली. एकही पत्र कमी नाही!

२ एप्रिल

फोनची लाइन बंद. वरुणचं काही आलंय का बघायला नारायणगुड्याच्या इंटरनेट सेंटरवर गेलो. कोपऱ्यात इंदू! एका बोटानं टाइप करत होती. स्वतःचा ई-मेल पत्ता, स्वतःचा पासवर्ड. मला बघितलं आणि आधी पदरानं स्क्रीन झाकली.

 

४ एप्रिल

आज इंदूनं सांगितलं. वरुणची नोकरी जानेवारीतच गेली आहे. तिच्या पहिल्याच पत्राला त्याचं उत्तर होतं — "आई, हे तू एकटीच वाचतेस ना?"

तिला माझा पासवर्ड सांगितला. म्हणाली, "आता मी त्याचं काय करू?"