दोन भोकं

प्रिय ठमे,

परवा मी माझ्या खुब्याचं हाड हातात धरलं. घाबरू नकोस, खरं नव्हे. नवे डॉक्टर सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर हाडाचा प्लास्टिकचा नमुना करून घेतात, मापात माप. तू ऑपरेशन करून खुब्यात बसवलेली कृत्रिम वाटी सैल झाली आहे, ती काढून दुसरी घालायची. कुठला स्क्रू कुठे जाईल हे ते आधी नमुन्यावर ठरवतात, मगच माणसाला हात घालतात. मला हे पटलं. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण माप लावून बघितल्याशिवाय लाकडाला पटाशी लावली नाही.

नमुना टेबलावर आला आणि सवयीने मी त्यावर अंगठा फिरवला. वाटीच्या जागी दोन भोकं आहेत, एकमेकांना खेटून. पहिलं तिरकं जाऊन पलीकडे फुटलंय, दुसरं घाईघाईत शेजारी पाडलंय. दुसरं भोक सुताराला काय सांगतं हे तुला सांगायला नको, ड्रिल धरायला तू माझ्याकडेच शिकलीस. मी शुद्धीवर आलो तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, एकदम झकास झालंय."

चूक माझीही. आपल्या माणसावर आपण शस्त्र चालवू नये, असं तुझे वरिष्ठ सांगत होते. पोरगी असताना परक्याचा हात कशाला, हा हट्ट माझा. चारचौघांत मिरवायची हौस, दुसरं काय. आणि हात कुणाचाही चुकतो. माझी कितीतरी दारं वाकडी बसली, पण मी ती उतरवून पुन्हा बसवली. तू मात्र वय झालं की दुखतंच म्हणत दोन वर्षं गोळ्या पाठवल्यास, मग फोन उचलणंच सोडलंस. त्याचा मला राग आहे, खूप आहे. तुझी आई असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

आता कामाचं. तू दिलेल्या फायलीत, कुठले भाग बसवले ते लिहिलेला ऑपरेशनचा कागद नाही. वाटीबरोबर तू मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा अजून पक्का आहे. तो कुठल्या बनावटीचा हे कळलं तर त्याच्यावर नवा गोळा बसेल. नाहीतर तो उपटताना हाड फुटायची भीती, मग माझं चालणं संपलंच. ऑपरेशन गुरुवारी आहे. आधीचं कुणी केलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. नाव आठवत नाही, असं मी सांगितलं. पोटच्या पोरीचं नाव. तो कागद तुझ्याकडे असणार, तेवढा पाठव. तू नाही आलीस तरी चालेल.

तुझाच, अजून तरी,
बाबा