झाकलेलं भगुनं

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धजावलेय. तू वाचणारी असतीस तर मी यातलं एक अक्षरही लिहिलं नसतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटून बसावं लागतं. तुझा त्या दिवशीचा चेहरा मात्र डोळे उघडे असले तरी दिसतो. मी आता कलबुर्गीत असते, कॉलेजात शिकवते. माझ्या स्वयंपाकघरात पांढऱ्या फरशा आहेत आणि भिंतींना धूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिथे ओट्याला टेकून मी संध्याकाळी काय करते सांगू? जर्मन लोकांच्या घरच्या स्वयंपाकाच्या कृती गोळा करते. ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, दुसऱ्याच्या चुली फुंकायला कामून जायलीस म्हणून.

फोनवर आमचा एक गट आहे. बहुतेक बायका तिकडच्याच, थोड्या आपल्या इकडच्या. हॉटेलातलं, पुस्तकातलं काही चालत नाही. ज्याच्या हातचं खाल्लं किंवा ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचंच लिहायचं, असा नियम. कुणी बटाट्याच्या गोळ्यांत मैदा जास्त घातला, आंबट कोबी मुरू न देता व्हिनेगर ओतून एका दिवसात उरकला, की मी लगेच लिहिते, हे खरं नव्हे. हा अधिकार मला मिळाला तो हॉस्टेलच्या जर्मन अक्कांमुळे. त्या आमच्या रेक्टर, पण आम्ही सगळ्या पोरी त्यांना अक्काच म्हणायचो. त्यांनी मला त्यांची भाषा शिकवली, त्यांच्या आईच्या हातचं सगळं तोंडपाठ करून दिलं. पुढे त्या आपल्या देशी परत गेल्या आणि तिकडेच वारल्या. आता गटात सगळ्या मला विचारतात, हे बरोबर आहे का, ते असंच करायचं का. खऱ्याची राखणदार म्हणून मी मिरवते, माय, आणि ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

बसवकल्याणच्या त्या हॉस्टेलात पोरी बहुतेक लिंगायत, व्यापाऱ्यांच्या नाहीतर मोठ्या शेतकऱ्यांच्या. आपल्या वस्तीतली मी एकटी. स्वयंपाक शाकाहारीच असायचा आणि रविवारी दुपारी अक्का स्वतः चुलीपाशी उभ्या राहायच्या. अशाच एका रविवारी अक्का डाळीचं सूप ढवळतायत आणि आपल्या आईची गोष्ट सांगतायत. थंडीत त्यांच्या घरी डुक्कर कापायचे. आई रक्त परातीत धरायची आणि ते गोठू नये म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहायची. मग त्यात कांदा, जवाचा भरडा, मीठ आणि कसलीशी सुकी पानं घालून धुतलेल्या आतड्यात भरायचं आणि उकडायचं. पोरी शी शी करतात, एक जण ओढणी तोंडावर धरून बाहेर पळते. अक्का रागावत नाहीत. त्या आपल्या पुस्तकी मराठीत म्हणतात, "आम्ही गरीब होतो. माझ्या आईचे ते लाल हात मला फार सुंदर वाटत असत." मी मान खाली घालून ताटातल्या तांदळातले खडे वेचत बसते, कारण ते हात मी पाहिलेले आहेत. वस्तीत बकरं कापलं की परात धरायला तूच पुढे असायचीस. तू ढवळत नसायचीस. मीठ टाकून गोठू द्यायचीस, मग त्याच्या वड्या पाडून उकळायचीस आणि कांदा, लसूण, लाल तिखट घालून तेलात परतायचीस. रक्ती म्हणायचो आपण त्याला. त्या खोलीत अक्कांची गोष्ट खरोखर कळलेली पोर मी एकटीच होते.

मग अक्कांनी एकेकीला विचारलं, आता तुमच्या आया काय करतात ते सांगा, घरचं आणि खरं. शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीच्या डब्यातली शेंगाची होळगी मी आदल्याच दिवशी खाल्ली होती. माझा नंबर आला तेव्हा मी बिनदिक्कत सांगितलं, माझी माय शेंगाची होळगी करते, दाण्याचा कूट आणि गूळ भरून, इतकी पातळ की आरपार दिसावं. मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरी तर पोळपाटसुद्धा नव्हता. तू भाकरी थापायचीस.

सुट्टीत अक्का गावोगाव पोरींच्या घरी जाऊन आयांकडून शिकणार आहेत, हे मला कुठे ठाऊक होतं. गावी, मुडबीला, आपल्या दारात त्या उभ्या राहिल्या, वाकून तुला नमस्कार केला आणि म्हणाल्या की होळगी शिकायला आले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि तुला सगळं समजलं. सकाळीच वस्तीत बकरं कापलं होतं. चुलीवर भगुनं होतं, त्यावर झाकण होतं आणि वास घरभर होता. अक्का घोंगडीवर बसल्या, त्यांनी तो वास आत ओढून घेतला आणि विचारलं, यात काय शिजतंय. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस. मी नुसतं रक्ती म्हटलं असतं ना, तर तू झाकण काढून ताट वाढलं असतंस, याची मला आज खात्री आहे. मी म्हणाले, "ते कुत्र्यासाठी आहे."

"व्हय," तू म्हणालीस, "कुत्र्याचंच हाय." आणि भगुनं उतरवून सरपणाच्या आड नेऊन ठेवलंस.

मग तू शेजारपाजारून पोळपाट, कणीक, शेंगदाणे, गूळ असं सगळं मागून आणलंस आणि जन्मात कधी न केलेली होळगी त्या परक्या बाईसमोर करायला बसलीस. भाकरीची सवय असलेले तुझे हात, त्यांना लाटणं धरता येईना. होळगी फुटली, सारण तव्यावर आलं, गूळ करपून कडेला काळा झाला. तू अगदी सहज सांगितलंस की आमच्याकडं ही अशीच करत्यात. अक्कांनी दोन खाल्ल्या, एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली आणि निघताना तुझे पिठाचे हात आपल्या हातांत धरून ठेवले. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला लाज वाटत होती. स्वतःची नव्हे, तुझ्या फुटक्या होळगीची. इतकी मी नालायक होते.

आता हे आजच का लिहितेय ते सांगते. गेल्या महिन्यात मी गटात अक्कांच्या आईची ती रक्ताची सॉसेज लिहिली. परात, कोपरापर्यंतचे लाल हात, सगळं झोकात लिहिलं. खूप वाहवा झाली. अक्कांची भाची त्या गटात आहे. तिने लिहिलं, तुझ्या आईची होळगी आमच्या घरी दर नाताळला होते. मावशीने शिकवलंय की ती फुटायलाच हवी आणि कडेचा गूळ जरा करपायलाच हवा, नाहीतर ती खरी नव्हे. वाचून मला हसू फुटलं आणि मग ओट्यावर डोकं टेकून मी बराच वेळ रडले. त्याखाली तिने आणखी लिहिलं होतं. मावशी शेवटपर्यंत म्हणायची, त्या घरात एक झाकलेलं भांडं होतं आणि त्याचा वास तिच्या लहानपणी डुक्कर कापायच्या दिवशी स्वयंपाकघराला यायचा, हुबेहूब तसा होता. तिला पुढे विचारायचं होतं, पण मुलगी म्हणाली कुत्र्यासाठी आहे, मग तिने विचारलं नाही. त्यात काय होतं, तुला आठवतं का?

म्हणजे इतक्या लांबून आलेल्या त्या बाईला मुडबीत, आपल्या घरात, स्वतःच्या आईची चूल भेटली होती, आणि मी ती तिच्यासमोरून उचलायला लावली. भाचीचा प्रश्न तसाच पडून आहे. मी उत्तर लिहायला घेते आणि पुसून टाकते. डुकराचं रक्त लिहिताना माझं बोट कुठे अडलं नाही, कारण ते जर्मन होतं. बकऱ्याचं लिहायचं म्हटलं की कॉलेजातले चेहरे पुढे येतात, शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी येतात, कॉटवरची ती मैत्रीणही येते. विहारात वंदनेला तू सगळ्यांच्या पुढे बसायचीस, ताठ मानेने. मान खाली घालायला तू मला कधी शिकवलं नाहीस, ते मी माझं मीच शिकले आणि आता जाता जात नाही. बरं, लिहायचं ठरवलं तरी काय लिहू? मीठ किती टाकायचीस, वड्या किती वेळ उकळायचीस, काही माहीत नाही. अख्ख्या जर्मनीच्या आज्यांचं मला पाठ आहे, आणि तुझ्या चुलीजवळ मी कधी उभीच राहिले नाही.

एक मात्र सांगायचं राहिलंय. अक्का बस धरायला गेल्यावर तू सरपणामागून भगुनं काढलंस, ताटात भाकरी ठेवलीस, रक्ती वाढलीस आणि ताट माझ्यापुढे सरकवलंस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. "घे," म्हणालीस, "आपल्याकडं तर कुत्रं न्हाई. मग कोण खायाचं?" मी खाली बघून खाल्लं आणि परत मागितलं. तू भगुन्यात होतं नव्हतं ते सगळं मला वाढलंस आणि स्वतः त्या होळगीचे करपलेले तुकडे खात बसलीस. भाचीला काय लिहायचं ते अजून माझ्याच्यानं ठरत नाही. तुला वाटलं असेल, पोर भुकेली होती म्हणून तिनं परत मागितलं. भूक नव्हती, माय. मला रक्ती फार आवडायची.