लाबानाची थोरली आणि आमचा गुरुवारचा रविवार

पिंपळे गुरव,
गुरुवार, १२ सप्टेंबर १९७४
(म्हणजे आमचा रविवार. खुलासा पुढे येईल.)

तीर्थस्वरूप मामांना आमोसचा प्रभूच्या नावे सलाम. मामींना वेगळा सलाम, कारण मागच्या पत्रात एकाच सलामात दोघांना उरकलं म्हणून त्या रागावल्याचं कळलं. आपला गुडघा कसा आहे? मामींचा दमा? आणि कापणीच्या सणाला मंडळीला अर्पण केलेली ती कोंबडी, जी दुसऱ्याच दिवशी चालत आपल्या घरी परत आली, तिचं शेवटी काय ठरलं? मी इथं खुशाल आहे असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाकी चर्चची निम्मी मंडळी माझ्याशी बोलत नाही, उरलेली निम्मी मला पाहिलं की रुमाल तोंडाशी धरते, आणि आपण शेवगावच्या मुलीबद्दल जे विचारलंय त्याचं उत्तर देण्याइतकं माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही.

आधी वारांचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. (मला स्वतःला अजून पुरतं समजलेलं नाही.) सगळे कारखाने एकाच वारी चालले तर वीज पुरत नाही, म्हणून सुट्टीचे वार भागाभागात वाटून दिलेत. आमच्या वाट्याला गुरुवार आला. मग रविवारच्या उपासनेला हजर कोण, तर पाळकसाहेब, त्यांची सायकल आणि तीन म्हाताऱ्या. बाकी सगळी मंडळी मशीनवर. म्हणून आमच्या वडीलमंडळानं, म्हणजे मंडळीच्या पंचांनी, ठराव केला की गुरुवार हाच प्रभूचा दिवस धरावा. प्रभूला हे चालेल का, यावर खूप वाद झाला. शेवटी अण्णासाहेब पाटोळे उठले आणि म्हणाले, देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी सुट्टी घेतली हे खरं, पण तो कामाला कोणत्या वारी लागला हे कुठं लिहिलंय? यावर कोणाला काही सुचेना, म्हणून ठराव पास झाला. तेव्हापासून आम्ही गुरुवारला रविवार म्हणतो, बुधवारी कपडे इस्त्री करतो, आणि यंदा तर उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे प्रभूच्या मरणाच्या, आदल्याच दिवशी प्रभूचं पुनरुत्थान साजरं करून मोकळे झालो.

हे अण्णासाहेब म्हणजे आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर आणि मंडळीतले सर्वांत मोठे वडील. सहीशिवाय बोल्ट देत नाहीत, मग नट तर लांबच. त्यांना दोन मुली. धाकटी चित्रा, थोरली करुणा. (करुणा शब्बाथशाळेत मुलांना शिकवते आणि उपासनेत पेटी वाजवते. हे आपलं सहज सांगितलं.) आमची उपासनेची खोली सोपानरावांची. सोपानराव इथले जुने शेतकरी, आणि त्या खोलीत पूर्वी त्यांच्या म्हशी असत. आता म्हशी भिंतीपलीकडे असतात आणि प्रार्थना लांबली की आधी त्याच आमेन म्हणतात. पहिल्या गुरुवारी सोपानराव मला म्हणाले, "तुमचा देव बी गुरुवारचाच व्हय? मंग आमचा दत्त अन् तुमचा येशू एकाच वाराचं हायेत की!" तेव्हापासून ते दर गुरुवारी आमच्या उंबऱ्यावर उदबत्ती लावून जातात. पाळकसाहेब ती ओलांडून आत येतात.

आता शास्त्राभ्यास. तो दर मंगळवारी संध्याकाळी असतो, आणि माझा सगळा घात या मंगळवारानं केला. पाळकसाहेब उत्पत्तीचं पुस्तक ओळीनं शिकवतात. त्यांच्या सायकलला दिवा नाही, त्यामुळे अंधार पडू लागला की अध्यायाच्या मध्येच थांबतात आणि खडकीला निघतात. आता मामा, आमच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मी जागा असतो आणि ऐकतो. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी त्या वेळी कामावर असतो. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी खोलीत असतो, पण झोपेत. म्हणजे पवित्र शास्त्राचा तिसरा भाग मला येतो, तिसरा भाग येत नाही, आणि तिसरा भाग मी स्वप्नात पाहिलेला आहे. हे नुसतं माझंच नाही, सगळ्यांचं असंच. लोट गाव सोडून बायकोसकट निघाला तिथवर मी ऐकलं होतं. पुढच्या जाग्या मंगळवारी पाहतो तर लोट एकटाच. मी सरळ मनानं विचारलं, बायको माहेरी गेली का? तर ती मिठाचा खांब होऊन दोन आठवडे झाले होते. (करुणा तेव्हा हसली होती. पण तिचं हसणं लागत नाही.)

आपण म्हणाल, घोड्या, तुला वाचता येतं ना? येतं. पण मशीनवरून आलेल्या माणसानं पुस्तक उघडलं की पुस्तक उघडं राहतं आणि माणूस मिटतो. आणि आपल्या गावच्या शब्बाथशाळेत बाईंजवळ चित्रं होती ती दाविदाची, दानीएलाची आणि योनाच्या माशाची. तीच दरवर्षी. लाबान नावाच्या माणसाचं चित्र काही कोणी आम्हाला दाखवलं नाही.

तर त्या मंगळवारी, जागेपणी, मी लाबानाची गोष्ट ऐकली. म्हणजे निम्मी. याकोब परमुलखात मामाकडे जातो. मामा लाबान. (मला आपली आठवण झाली. पुढचं कळल्यावर मी ती मागे घेतली आहे.) मामाला दोन मुली, थोरली लेआ, डोळ्यांनी अधू, आणि धाकटी राहेल, रूपवान. याकोब राहेलसाठी सात वर्षं मामाची मेंढरं राखतो, आणि प्रेमापायी त्याला ती वर्षं चार दिवसांसारखी वाटतात. इथं अंधार पडला आणि पाळकसाहेब सायकलवर बसले. मला गोष्ट फार आवडली. पुढच्या मंगळवारी मी दुसऱ्या शिफ्टला, पण म्हटलं, लग्न ठरलं, आता ते लागणार, त्यात ऐकायचं काय राहिलंय?

आणि दुसऱ्या शिफ्टच्या त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, म्हणजे आमच्या गेल्या रविवारी, चित्राचा साखरपुडा. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचा, त्यामुळे बायकांत कुजबुज होतीच. पण श्रीरामपूरचं स्थळ, मुलगा शिक्षक, त्यानं चित्रालाच पसंत केलेलं, अण्णासाहेबांचा इलाज नव्हता. मुलाबरोबर त्याची आत्या गिरजाबाई आल्या होत्या. या बाईंना सबंध बायबल तोंडपाठ, आणि कोणाचं चुकतंय का यावर कान. पाळकसाहेबांचा घसा बसलेला, कारण त्या माणसाला शहरातला रविवार वेगळा आणि आमचा वेगळा, आठवड्याला दोन रविवार गाऊन कोणाचाही बसेल. अंगठ्या झाल्या, आशीर्वादाचे चार शब्द बोलायची वेळ आली, आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. आधीच्या मंगळवारी मी जागा दिसलो होतो, तेवढाच माझा गुन्हा.

मी उभा राहिलो आणि मला एकदम लाबान आठवला. मी म्हटलं, याकोबाला लाबानाच्या घरून जशी बायको मिळाली, अगदी तशीच या मुलाला अण्णासाहेबांच्या घरून मिळो. खोली चिडीचूप झाली. मला वाटलं, भारावली. पाळकसाहेब दोन्ही हात जोरजोरात हलवू लागले. आवाज नाही, नुसते हात. मला वाटलं, आणखी बोल म्हणतायत. म्हणून मी आणखी बोललो. म्हटलं, लाबानालाही दोनच मुली, अण्णासाहेबांनाही दोनच. लाबानानं जावयाला जे दिलं त्यानं जावई थक्क झाला असेल, तसाच हाही होवो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याकोबाच्या चेहऱ्यावर जो आनंद असेल तोच याच्या चेहऱ्यावर दिसो! (लेआच्या अधू डोळ्यांचं मी मुद्दाम गाळलं, कारण करुणाला चष्मा आहे. एवढी अक्कल मला आहे.) तर सगळी खोली करुणाच्या चष्म्याकडेच पाहत होती.

गिरजाबाईंनी पेढ्याची बशी खाली ठेवली. उठल्या, चित्राजवळ गेल्या, तिचा डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तोंड नीट निरखून पाहिलं, जणू दुकानात बदली माल मिळालाय. मग म्हणाल्या, "आमच्या पोराचा याकोब नाही व्हायचा. आधी थोरलीचं उरका, मग धाकटीला नेऊ." आणि श्रीरामपूरची मंडळी जेवण न करता निघाली. अण्णासाहेब माझ्याकडे पाहतही नव्हते. त्यांच्या बायको शालनबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. पाळकसाहेबांनी डोकं धरलं. दारात सोपानरावांच्या सोजराबाई उभ्या होत्या, त्या एकट्याच मायेनं बोलल्या. "आवं, आमच्या माणच्या आत्याची बी तशीच गत झाली व्हती. पदराआड थोरली बसिवली, अन् सकाळपातूर कुनाला कळलं न्हाई!" म्हणजे लाबानाची गोष्ट माण गावापर्यंत माहीत, फक्त मला नाही.

सगळे गेले. मी तसाच उभा. करुणा सतरंज्या गोळा करत होती. मी तिला विचारलं, माझं नक्की काय चुकलं? तिनं सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि घडी घालता घालता राहिलेला अर्धा अध्याय सांगितला. लाबानानं लग्नाच्या रात्री बुरख्याआड राहेलच्या जागी लेआ दिली, सकाळी याकोब पाहतो तर थोरली, आणि लाबान म्हणतो, आमच्यात थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. मी म्हटलं, मग मी तुमच्या वडिलांना भर सभेत लबाड म्हटलं! ती म्हणाली, हो, आणि मला गळ्यात मारायचा माल. मग ती हसली, पण नेहमीसारखं नाही. म्हणाली, "याकोबाचं सगळ्यांना वाईट वाटतं. पण त्या अख्ख्या गोष्टीत लेआला कोणी मागितलंच नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात येतं का?"

घडी वाकडी झाली, ती पुन्हा घातली. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. परवा उलट्या बाजूनं भोक पाडलं आणि सुपरवायझरनं सगळ्यांदेखत तो नग वर धरून दाखवला. मला वाईट वाटतंय एवढं नक्की, पण नुसतं वाईटच वाटतंय की आणखी काही, हे कळेना. चार जणांना विचारलं. दोघं म्हणाले पित्त असेल. बाकीचे दोघं खोकले.

तरी मामा, आपण जुने शिक्षक. अण्णासाहेबांची माफी कशी मागावी, तेवढं दोन ओळींत लिहून पाठवा, मी नक्कल करून देईन. याखेरीज मला काही नको. मामींना पुन्हा सलाम, म्हणजे हिशेब पुरा. कोंबडीलाही, हयात असल्यास.

आपला गोंधळलेला भाचा,
आमोस शिरसाठ

ता. क. शेवगावच्या मुलीच्या वडिलांना नाही म्हणून कळवावं. तिच्यात काही दोष नाही. दोष असलाच तर ती पेटी वाजवत नाही.

ता. क. २. माफीचं राहू द्या. आपण स्वतःच या. मला आता कळलं की ते पित्त नव्हतं. आज उपासनेनंतर मी करुणाला विचारलं, की माझे मामा तुमच्या घरी आले तर चालेल का. कशाला, ते तिनं विचारलं नाही. पेटीचा भाता बंद केला, चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाली, चालेल, पण एक गोष्ट त्यांना नीट समजावून पाठवा. आणि आपल्या लग्नाला मी तोंडावरून जाळी घेणार नाही, उघड्या तोंडानं उभी राहीन, सकाळी तुमची तक्रार नको. "आपल्या" म्हणाली, मामा. मी दोनदा आठवून पाहिलं, हाच शब्द होता. चित्राचंही अडलेलं सुटेल. पण मी करुणाला मागतोय ते चित्रासाठी नाही, हे आपल्याला सांगून ठेवतो.

ता. क. ३. रविवारी येऊ नका, रविवारी आम्ही सगळे कामावर असतो. आमच्या रविवारी या. आणि नीट समजावून सांगायची गोष्ट अशी, की दारात पोचलात की चपला काढायच्या आधी, पाणी घ्यायच्या आधी, अण्णासाहेब काही बोलायच्या आधी, खणखणीत आवाजात सांगा, आतल्या खोलीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे: आम्ही थोरलीला मागायला आलोय.