रक्त वाढवणारी कढई

४ जून
आज पुन्हा पिशवीभर रक्त काढलं. चौथ्यांदा. पूर्वी शिबिरात द्यायचो, सर्टिफिकेट मिळायचं. आज नर्सला विचारलं, हे कुणाला देता? "तुमचं कोणालेच चालत नाई काका, फेकतो." घरी हिंगणीपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात.

डॉ. म्हणतात, कॅन्सरच, पण हळू वाढणारा. रक्त जास्त बनतं, घट्ट होतं. घट्टपणाचा आकडा ४५ च्या आत हवा, नाहीतर रक्ताची गाठ मेंदूत जायची. सांभाळलं तर बरीच वर्षं जगाल म्हणे. कसं, ते मला विचारा.

सुलभाला फक्त "रक्ताचा त्रास" एवढंच सांगितलंय. तिचे बाबा कॅन्सरनेच गेले. बायकोसमोर तो शब्द तोंडातून निघत नाही.

१२ जून
आंघोळ म्हणजे शिक्षा. पाणी लागलं की तासभर खाज. तोंड लालबुंद. माझ्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, "तब्येत मस्त झाली भाऊ, टमाट्यावानी!" हसलो. हातातलं पातेलं फेकून मारावंसं वाटलं.

२ जुलै
आकडा ५१! काढूनही वाढला. डॉ. चिडले, "लोहाच्या गोळ्या घेता का?" छे. पुन्हा पिशवी.

घरी सुलभाने हाताची पट्टी पाहिली. "येवढं रक्त काढतेत, वापस तं देत नाई. भरून कशानं निघन?" रात्री ताटात बीट, गुळाचा लाडू.

१९ जुलै
दुकानातली लोखंडी कढई सापडेना. घरी गॅसवर दिसली, आत पालक. शेजारी खलबत्ता, त्यात लाल पूड, गोळ्यांचं रिकामं पाकीट. लोहाच्याच.

"तुमीच तं गिऱ्हाइकाले सांगता, या कढईतलं खाल्लं का रक्त वाढते."

तीस वर्षं सांगतोय.

"अन् गोळ्या काऊन?"

"तुमी गोळ्या घ्याले कंटाळता. वरणात टाकते. दीड महिना झाला."

इतकी खूश होती सांगताना. थांब म्हणायचं तर का, तेही सांगावं लागेल. वरण खाल्लं. भित्रा आहे मी, दुसरं काय.

२१ जुलै
सकाळी डाव्या हातातून ग्लास सुटला. बोटं मेल्यासारखी. दहा मिनिटांनी परत आली. डॉ.ना फोन केला. "आत्ता निघा. घरच्यांना सोबत आणा."

गाडी सांगितली आहे. सुलभाने ताट वाढलं. म्हटलं, बस जरा, बोलायचंय.

"आधी खाऊन घ्या. ते लोक आजबी रक्त काढतीन."

साडी बदलायला गेली आहे. वरण समोर आहे, हात लावलेला नाही. आता येईल आणि विचारेल, काऊन नाई खाल्लं?