सत्तावीस मार्चची नोंद

२ डिसें., सोम.
सगळं फिरलं ते आज दुपारी, सोनीनं मोहाची वही माझ्या मांडीवर टाकली तेव्हा. बहीण माझी, आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा विषय: पाला न जाळता मोहफुलं वेचणे. आमच्याकडं फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. गेल्या हंगामात हिनं दोन झाडं धरली. एकाखाली माय नेहमीसारखी पाला जाळायची, दुसऱ्याखाली हिनं जुनी लुगडी जोडून अंथरली. दोन्हीकडची फुलं रोज दुकानाच्या काट्यावर तोलली. मी म्हटलं, वा. पानं उलटत गेलो.
२७ मार्च : "मायनं पाला पेटवला. पाणी आणाले घरी गेली. वारा सुटला. आग जंगलात गेली. आज वजन नाई."
एवढंच.
गाव समजतं, गुराख्याच्या बिडीनं लागली. मी तेव्हा ऊर्जानगरला कामावर. मीही तेच समजत होतो.

३ डिसें.
त्या आगीत वै.च्या बाबांचे हात भाजून गेले. जंगलखात्यात रोजंदारीवर होते, आग विझवायला. बोटं आता मिटत नाहीत. काम सुटलं.
वैशाली. कॉलेजात दोन वर्षं माझ्या पुढच्या बेंचवर. तिच्याबद्दल एक जण वंगाळ बोलला, त्याच्या कानाखाली काढली. प्राचार्य माफी माग म्हटले, नाही मागितली, कॉलेजातून नाव काढून आलो. ती बी.एस्सी. झाली. नागपूरला एम.एस्सी.ला नंबर लागला होता. बाबांमुळं गेली नाही. आता सोनीच्या शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवते.
जुलैत ती गावातच राहणार कळलं तेव्हा मी दोस्तांना समोसे चारले होते. खुशीत.

४ डिसें.
सोनीसोबत शाळेत गेलो. नकाशा, दोन छोटी झाडं, खाली कापड, वजनाचा तक्ता, असं ठरलं. वै. सोनीला म्हणाली, कच्ची वही टेबलावर ठेवायची, खाडाखोड असली तरी तीच. परीक्षक आधी तेच बघतात. मला म्हणाली, "तक्ता तू लिही. तुझं अक्षर अजून तसंच असन तर."
अजून तसंच असन तर. दिवसभर हेच.

५ डिसें.
मायला विचारलं. तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. पाला सारेच जाळतात म्हणाली. मग, "डोक्यावर दोन गुंड्या पाणी आणाले गेलो होतो रे. दोनच."
पावसाळ्यात वै.च्या धानाच्या बांधीत रोवणा करायला, रोपं लावायला, माय रोज जायची, मजुरी न घेता. मला वाटलं होतं माझ्यासाठी. पुढचं जुळावं म्हणून. हसू येतं माझंच.

७ डिसें., शनि.
पान फाडलं. चुलीत टाकलं. नवी वही आणून सोनीला सगळं उतरवायला बसवलं. २७ तारखेला लिही, ताप होता.
"मले ताप नव्हता."
लिही म्हटलं तर लिही.
"मॅडमनं जुनीच सांगतली. दादा, तू काऊन फाडलं? मी खोटं लिवलं होतं का?"
थप्पड मारली. लहानपणापासून पहिल्यांदा. रडली नाही. वही मिटून मायजवळ जाऊन बसली.

८ डिसें.
सोनी बोलत नाही. लुगड्याचे तुकडे एकटीच शिवते.

१० डिसें., मंगळ.
वै. घरी आली, तयारी पाहायला. नव्या वहीबद्दल विचारलं, मी म्हटलं जुनी भिजली. सोनी खाली बघत होती. वै.नं मान्य केलं. मी म्हटलं म्हणून.
मग पिशवीतून फोटो काढला. बाबांचे दोन्ही हात, उताणे. तक्त्याच्या मधोमध लावायचा. त्यांनीच सांगितलं म्हणे, लावा, पोट्टे पाहतीन तर पाला पेटवनार नाई.
"खाली तू लिही," ती म्हणाली. "आग कोणी लावली ते मालूम नाई, एवढंच लिही."
माय आत उठून गेली. भांड्यांचा आवाज झाला. वै.नं विचारलं, मायची तब्येत बरी नाही का. मी हो म्हटलं. जाताना माझ्याकडं बघून हसली. दोन वर्षांनी.

११ डिसें., बुध., सकाळ
उद्या प्रदर्शन. फोटो चिकटवला. खालची जागा कोरी. तीनदा स्केचपेन उघडला.
सोनी म्हणाली, "मी नाई जात उद्या. तूच उभा राय टेबलापाशी." चार दिवसांनी बोलली ती एवढंच.
माय लुगडं बदलून आली. "मीच जातो. त्याईच्या घरी जाऊन सांगतो."
मी ओरडलो, बस खाली. बसली. मग मलाच कळेना तिला का थांबवलं. तिच्यासाठी की
तिला सांगितलं, मी जातो. माय म्हणाली, "माह्यं नाव घेशीन. लपवू नको." आणि थोड्या वेळानं, "पोरगी तुले उभी नाई करनार मग."
माहीत आहे.
शाळेच्या आधी गेलं तर ती घरी असेल, बाबाही. काय म्हणायचं ते ठरत नाही. आमच्या घरून लागली, असं म्हणीन. किंवा फक्त सत्तावीस मार्च म्हणीन.
आठला वीस कमी. सोनी दारातच बसली आहे, विचारत नाही कुठं जातो. तिला उठवून आत पाठवतो. ही माझी वही ठेवतो. निघतो, दार ओढून घेतो.