शेरू स्वतःहून गाडीत चढला

मंगळवार, संध्याकाळ

किळस येते आहे. काकांची, आईची, सगळ्यात जास्त माझी.

शेरू आमचा कुत्रा. त्याला कुणीतरी गाडीतून आणून आमच्या अंबरपेठच्या गल्लीत टाकून दिलं होतं. त्यामुळे गाडीचं दार उघडलं तरी तो थरथरायचा. डॉक्टरकडे नेता यावं म्हणून दोन महिने मी त्याला काकांच्या उभ्या गाडीत बसवून जेवू घातलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या. आज तो स्वतःहून चढला, कोठीच्या बाजारापर्यंत जाऊन आला, उलटीसुद्धा केली नाही.

काका खूश. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हौ, संपले याचे नखरे! रविवारी शहराबाहेर नेऊन सोडतो. आता आपणहून बसतो की गाडीत!"

म्हणजे गाडी एवढ्यासाठी देत होते? आणि मी हसले. वडीलधारी बोलली की हसायचं, घरात हेच तर शिकले. तो हात पाठीवरून फिरतच होता, शेरू शेपूट हलवत होता.

आईला सगळं माहीत होतं. "काकांना उलट बोलू नकोस, बाळा."

तरी काकांकडे गेले. "काका, शेरू कुठेही जाणार नाही. तुमच्या गाडीत तर नाहीच."

"मग डॉक्टरकडे ऑटोने नेणार का, राणीसाहेब?"

"हौ, ऑटोने."

काका नुसतं म्हणाले, "बघू रविवारी."

मी घरात नसताना त्यांनी गाडीचं दार उघडलं, तर तो उडी मारून बसेल. मीच शिकवलंय. आता रविवारच्या आत त्याला पुन्हा गाडीला भ्यायला शिकवू?