गुरुवारच्या मुलाखतीआधी

प्रिय चिमणे,

अक्षर बघून घाबरू नकोस. कागदावर कोंबडीचे पाय उमटलेत हे मलाही दिसतंय, आणि एवढ्यासाठी दोन दिवस लागलेत. गुरुवारी अकराला अपंग भत्त्याची मुलाखत, तू सकाळच्या बसनं येशीलच. पण काही गोष्टी तू निघण्याआधी तुला कळायला हव्यात. त्यासाठी तीनदा फोन लावला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

मागच्या वेळी मी तिथे काय दिवे लावले ते तुला अर्धंच ठाऊक आहे. अर्ज फेटाळला, एवढंच मी सांगितलं. खरं म्हणजे शेजाऱ्याकडून दाढी करून घेतली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि रुबाबात जाऊन बसलो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, शर्टाची बटणं स्वतः लावता? म्हटलं, हो. जेवताना सांडतं? छे! चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहून 'कसं काय?' ला 'मजेत' म्हणायची सवय जडलेली. पडलो तरी नाक वर. त्यांनी 'काम करण्यास सक्षम' असं लिहिलं आणि मी वर त्यांचे आभार मानून आलो. आता ही शेवटची संधी. या वेळी नाही म्हणाले तर खोली सोडून तुझ्याकडे यावं लागेल. तुझ्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं झोपतात, आणि मला ते नको आहे गं.

म्हणून रोज आरशासमोर बसून सराव करतो. समोरच्याला विचारतो, भरलेला कप उचलता येतो? लबाड लगेच हो म्हणतो. काल पहिल्यांदा त्याच्या तोंडून नाही निघालं आणि मला रडूच फुटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या ऑफिसात झाकल्या मुठीला कोणी दमडी देत नाही.

सगळ्यात जास्त भीती एकाच प्रश्नाची आहे. दुकान का बंद केलं? तुला मी सांगितलं होतं की दुकानाच्या मालकानं भाडं वाढवलं. तू तडक त्याच्या दारात गेलीस, चार माणसांत त्याला नाही नाही ते बोललीस. तो खाली मान घालून ऐकत राहिला. तेव्हापासून तू त्याचं तोंड बघत नाहीस. त्या दिवशी मला लेकीचा अभिमान वाटला होता, आणि हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

भाडं त्यानं एका पैशानंही वाढवलं नव्हतं. त्या सकाळी माझ्या खुर्चीत तोच दाढीला बसला होता. माझा हात उडाला आणि वस्तरा त्याच्या कानाखालून गळ्यापर्यंत गेला. सात टाके पडले. काच लागली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मी दुपारीच दुकानाला कुलूप लावलं. हातामुळे काम सुटलं, हे त्या ऑफिसात सांगणारा कोणीतरी लागतो, आणि पाहिलेला तो एकटाच. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो. पुरतं बोलूही दिलं नाही, येतो म्हणाला. फक्त विचारलं, पोरगी असेल का तिथे? गुरुवारी तो आपल्या आधी येऊन बाकावर बसलेला असेल. त्याला बघून तू पाठ फिरवू नयेस, म्हणून हे पत्र. माफी मला मागायची आहे, त्याचीही आणि तुझीही. तू फक्त त्याच्या शेजारी जाऊन बस.

तुझाच, घाबरलेला,
बाबा